४२,७०० रुपयांचं बनावट सीई-२: सेकंडहँड गिटार पेडल घेणाऱ्यांनी वाचाच

आधी आकडे सांगते, कारण विचारणारे पहिल्यांदा तेच विचारतात. ॲडव्हान्स ५,००० रुपये, पेडल हातात घेताना ३६,५०० रुपये आणि ‘बॉसचाच ॲडॅप्टर आहे, ठेवून घ्या’ म्हणत वरून १,२०० रुपये. एकूण ४२,७०० रुपये, सगळे यूपीआयने. विकणाऱ्याने कबूल केलं होतं १९८१ चं, जपानमध्ये बनलेलं, चांदीरंगी स्क्रूचं बॉस कंपनीचं सीई-२, म्हणजे गिटारच्या आवाजाला लहरता ‘कोरस’ इफेक्ट देणारी, पायाने दाबायची डबी. मिळालं ते दुसऱ्याच कुठल्या तरी पेडलच्या खोक्यात बसवलेलं किट, म्हणजे सुटे भाग आणून जोडलेली नक्कल. घरी अजून खरा आकडा सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

‘एका पेडलला एवढे पैसे घालतं का कुणी?’ हे ऐकून ऐकून कान किटलेत. घालतात. मी पुण्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते, आमच्या यादीतली निम्मी गाणी ऐंशीच्या दशकातली आहेत, आणि त्या गाण्यांतल्या क्लीन गिटारवर जो लहरता कोरस आहे तो याच घराण्यातला. रोलँडने १९७५ मध्ये जेसी-१२० ॲम्पमध्ये कोरस दिला, रोलँडच्याच बॉस या ब्रँडने तो १९७६ मध्ये सीई-१ या धोंड्यासारख्या जड पेडलमध्ये वेगळा काढला आणि १९७९ मध्ये सीई-२ आणून पायाखाली मावेल एवढा केला. दोनच नॉब, रेट (लहरीचा वेग) आणि डेप्थ (लहरीची खोली). आत एमएन३००७ ही बकेट ब्रिगेड चिप, म्हणजे आवाज किंचित उशिराने पुढे सोडणारी. १९९० च्या सुमारास ते बंद झालं. माझ्याकडे बॉसचंच सीएच-१ हे कोरस पेडल होतं, चांगलं, पण त्याचा आवाज जास्त चकचकीत, आणि गायकाच्या आवाजावर तो चढतो. म्हणून मी ते ५,५०० रुपयांना विकलं आणि त्या पैशांत साठवलेले घालून जुनं सीई-२ किंवा २०१६ मध्ये आलेली त्याची नवी आवृत्ती सीई-२डब्ल्यू, यातलं एक घ्यायचं ठरवलं.

मला पेडल विकणाऱ्या माणसाला नेमकं हेच माहीत होतं. जुन्या गिअरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच विचारलं होतं की दोन्हींत किती फरक पडतो. त्यावर त्याचा खासगी मेसेज आला: ‘माझ्याकडे दोन्ही आहेत, ताई. शेजारी शेजारी लावून ऐका, मगच ठरवा.’ सगळे सांगतात, फार स्वस्त मिळत असेल तर संशय घ्या. त्याने स्वस्त दिलंच नाही. ४६,००० वरून ४१,५०० वर यायला त्याने दोन आठवडे घेतले. परदेशातून मागवलं तर कुरिअर आणि कस्टम्स धरून जवळपास तेवढंच पडलं असतं, आणि न ऐकता घ्यावं लागलं असतं. इथे तर समोर वाजवून बघायला मिळत होतं. माझ्या जागी कुणीही असता तरी हाच सौदा जास्त सुरक्षित समजला असता.

कोथरूडमधली एक जॅमिंग रूम त्याने तासाच्या भाड्याने घेतली होती, भाडंही त्यानेच भरलं. एका पेडलबोर्डवर तीन पेडलं: एक स्वस्त चिनी क्लोन (नक्कल), एक सीई-२डब्ल्यू आणि हे ‘१९८१’. सगळ्यांना एकाच डेझी चेनमधून, म्हणजे एका ॲडॅप्टरला फाटे फोडलेल्या वायरमधून, करंट. माझी स्वतःची गिटार, ॲम्प तिथलाच. याहून स्वच्छ तुलना काय असते, असं मला वाटलं.

ती तुलनाच त्याने रचलेली होती. तिन्ही पेडलांचे नॉब त्याने अगदी समोर, बारावर ठेवले आणि म्हणाला, ‘बघा, सगळे सारखे.’ वेगवेगळ्या पेडलांवर बारा म्हणजे सारखा वेग नसतो आणि सारखी खोलीही नसते. नॉब कुठे आहे ते बघायचं नसतं, कानाने वेग जुळवायचा असतो. सीई-२डब्ल्यूमधून सीई-२ आणि सीई-१ असे दोन्ही आवाज काढता येतात; त्याचा स्विच त्याने सीई-१ मोडवर ठेवला होता, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो आवाज त्यातून येतच नव्हता. आणि ‘१९८१’चा आवाज बाकी दोघांपेक्षा किंचित मोठा होता. थोडा मोठा आवाज कानाला भरदार वाटतो, हे रेकॉर्डिंग करणाऱ्या कुणालाही विचारा. तो फरक एवढा बारीक होता की मोठा म्हणून कळत नाही, उबदार म्हणून कळतो. मी ‘उबदार आहे’ म्हटलं आणि त्याने मान डोलावली.

पेडलांची तुलना करायला जाल तेव्हा विकणाऱ्याला नॉबला हात लावू देऊ नका. आधी बायपासशी (पेडल बंद असतानाच्या आवाजाशी) आणि मग एकमेकांशी आवाजाची पातळी स्वतः जुळवा. बोर्ड त्याचा असेल तर सगळं उपटून स्वतः जोडा.

आता तो क्षण, जो आठवला की अजूनही रात्री झोप उडते.

पेडलच्या खालच्या काळ्या लेबलवर ॲडॅप्टरचं नाव होतं एसीए. ज्यांनी जुनी बॉस पेडलं वापरली आहेत त्यांना याचा अर्थ माहीत आहे. त्या काळची पेडलं जास्त व्होल्टेज देणाऱ्या एसीए ॲडॅप्टरसाठी बनवलेली होती, म्हणून आत व्होल्टेज पाडणारा रेझिस्टर असतो. अशा पेडलला आजचा ९ व्होल्टचा रेग्युलेटेड पीएसए ॲडॅप्टर एकट्याने लावला की पेडलवरचा लाल दिवा मिणमिणतो किंवा पेटतच नाही. डेझी चेनमध्ये शेजारी नवं पेडल असेल तर ग्राउंड एक होतो आणि दिवा नीट पेटतो. त्यामुळे बोर्डवर तो लखलखीत होता त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं.

पण नंतर त्याने ते पेडल बोर्डवरून काढलं. ‘एकटं ऐका, नॉइज किती कमी आहे बघा,’ म्हणत एका सुट्या ॲडॅप्टरवर लावलं. तो ॲडॅप्टर मी हातात घेऊन बघितला, त्यावर पीएसए आणि ९ व्होल्ट स्वच्छ छापलेलं होतं. मी पाय दाबला. लाल दिवा झगझगीत पेटला. माझ्या डोळ्यांसमोर, फूटभर अंतरावर. लेबल एसीए, ॲडॅप्टर पीएसए, पेडल एकटं आणि दिवा पूर्ण तेजात. मला हे सगळं माहीत होतं, मी स्वतः इतरांना हे समजावून सांगितलेलं आहे. पण त्याने माझं सगळं लक्ष नॉइजवर लावलं होतं. मी डोळे मिटून ॲम्पची घरघर ऐकत होते, आणि खोलीचा तास संपत आल्याचं तो दर दोन मिनिटांनी सांगत होता. घाई करणारा माणूस कधीही उगाच घाई करत नाही. वरून त्याने तोच ॲडॅप्टर १,२०० रुपयांना मला विकला. म्हणजे ज्या वस्तूने त्याचं बिंग फुटायला हवं होतं, तिचेही पैसे माझ्याकडून घेतले.

बिंग पुढच्या रिहर्सलला फुटलं. आमच्या ऑर्केस्ट्रात एक काका आहेत, ऐंशीच्या दशकापासून वाजवतात, त्यांच्याकडे तेव्हाच घेतलेलं सीई-२ आहे. कौतुकाने दोन्ही शेजारी ठेवली. माझ्या ॲडॅप्टरवर आधी त्यांचं लावलं, दिवा जेमतेम दिसला. मग माझं लावलं.

‘अगं, तुझा दिवा एवढा कसा पेटतोय?’ काका म्हणाले.

मी म्हटलं, आधीच्या मालकाने आत बदल करून घेतला असेल. तसा बदल बरेच जण करतात. काका काही बोलले नाहीत, त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. खालची पट्टी उघडली. काकांच्या पेडलमध्ये पिवळसर पडलेला जुना सर्किट बोर्ड आणि निस्तेज झालेलं सोल्डर. माझ्यात हिरवागार नवा बोर्ड, प्रत्येक जागेवर भागांची नावं छापलेली, किटमध्ये असतात तशी, आणि वर एमएन३००७ ची आजकाल मिळते ती नवी नक्कल. बॅटरीच्या कप्प्याच्या कडेला नखाने खरवडलं तर आकाशी रंगाखालून पांढरट रंग निघाला. लेबल छापून चिकटवलेलं. त्यावरचा नंबर खरा, कारण कुठल्या तरी खऱ्या पेडलवरून उचललेला. सिरीयल नंबरवरून वर्ष काढणारे तक्ते नेटवर आहेत, मीही त्यात घालून बघितला होता आणि १९८१ आलं होतं. नंबर जुळला म्हणजे पेडल खरं, असं धरू नका. स्क्रू चांदीरंगी आहे म्हणजे जुनं, असंही धरू नका, स्क्रू दोन मिनिटांत बदलतो.

नंतर टेक्निशियनकडून लेखी घेतलं, त्याचे ३५० रुपये. विक्रेत्याला फोन केला तेव्हा पहिल्यांदा ‘मलाही असंच मिळालं होतं’ म्हणाला, दुसऱ्यांदा ‘तुम्हीच आतला बोर्ड बदलला असेल’ म्हणाला, आणि मग माझा नंबर ब्लॉक केला.

यानंतर जे झालं ते फसवणुकीपेक्षा जास्त चीड आणणारं आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला. पलीकडून सांगितलं की तुम्ही स्वतः पैसे पाठवले, वस्तू समोरासमोर घेतली, हा सायबर गुन्हा नाही, जवळच्या ठाण्यात जा. बँकेत गेले. तिथे म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला जे संरक्षण मिळतं ते त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना, तुमचा व्यवहार संमतीने झालाय. मी विचारलं, निदान ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवाल का? ‘पोलिसांचं पत्र आणा.’

पोलिसांकडे गेले. ठाणे अंमलदाराने पेडल हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि विचारलं, ‘मॅडम, हे मुलाचं आहे का?’ माझं आहे म्हटल्यावर, ‘याला बेचाळीस हजार?’ मागच्या बाकावर बसलेल्या लोकांसमोर. मी दिव्याचं समजावलं, बोर्डाचे फोटो दाखवले, टेक्निशियनचा कागद दिला. उत्तर एकच: ‘हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा.’ खोटी वस्तू खरी म्हणून विकून पैसे काढून घेणं हे सिव्हिल मॅटर नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) त्यासाठीच आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. हे मी तिथे बोलले तर ‘मग कोर्टातच जा ना’ असं ऐकावं लागलं. शेवटी ‘तक्रार अर्ज’ घेतला. आवक क्रमांक मागितला तर साहेब आल्यावर मिळेल. साहेब कधी येणार? बंदोबस्ताला गेलेत. पुढच्या वेळी गेले तर अर्ज ज्यांच्याकडे आहे ते रजेवर.

ग्राहक आयोगाच्या कार्यालयात वेगळंच कळलं. ग्राहक कायद्यात दाद मागायची ती व्यापाऱ्याविरुद्ध, एखाद्याने स्वतःची जुनी वस्तू विकली तर तो व्यापारी ठरत नाही. तो धंदा म्हणून हे करतो हे मी सिद्ध करायचं. मी कसं करणार? तपास करायचं काम माझं आहे का? त्याचं नाव यूपीआयवर दिसतं, फोन नंबर चालू आहे, जॅमिंग रूमच्या रजिस्टरमध्ये त्याची सही आहे, बाहेर कॅमेरा आहे. एका हवालदाराने एका दुपारी चौकशी केली तर माणूस सापडेल. पण ४२,७०० रुपये हा आकडा त्यांना हलायला पुरत नाही, आणि वस्तू गिटारीची असली तर मुळीच नाही. एखाद्याची गाडी अशी खोट्या चासी नंबरवर विकली असती तर हेच उत्तर मिळालं असतं का?

ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना लेखी, पोस्टाने कळवता येतं, आणि तरीही हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मी उपायुक्तांना स्पीड पोस्टने सगळी कागदपत्रं पाठवली आहेत, पोहोचल्याची नोंद आहे, उत्तर नाही. तुम्ही ठाण्यात नकार मिळाला त्याच दिवशी हे करा, ठाण्याच्या फेऱ्यांत वेळ घालवू नका.

आणि पैसे देण्याआधी पेडल उघडायला लावा. चार स्क्रू असतात, दोन मिनिटांचं काम. ‘सील तुटेल’, ‘किंमत कमी होईल’ म्हणाला तर तिथून उठा. चाळीस-चाळीस वर्षं जुन्या पेडलला कसलं सील? मेसेजमध्ये ‘ओरिजिनल, वर्ष अमुक, आतले भाग न बदललेले’ असं लिहून घ्या. माझ्याकडे ते त्याच्या शब्दांत आहे, म्हणूनच केस उभी राहील असं वकील म्हणतात. यूपीआयच्या नोंदीतही ‘बॉस सीई-२ १९८१ ओरिजिनल’ असं टाका. ॲडव्हान्स देऊ नका, ॲडव्हान्स दिला की माणूस त्या पैशांसाठी बाकीचेही देतो, माझं तेच झालं.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर दुसऱ्या नावाने ‘जुनं डीएम-२ डिले, जपान’ (बॉसचंच दुसरं एक पेडल) असं टाकलेलं दिसलं, किंमत ३८,०००. फोटोतलं टेबल तेच आहे, डाव्या कोपऱ्यात सिगारेटचा जळका डाग असलेलं. ॲडमिनला कळवलं, त्याने पोस्ट काढली, माणूस ग्रुपवर अजून आहे. ज्यांनी त्या टेबलाचे फोटो बघून कुणाला पैसे दिले असतील त्यांनी आपल्या पेडलच्या खालची पट्टी आजच उघडून बघा, आणि किट निघालं तर मला मेसेज करा. एकाच खात्यात पैसे गेलेल्यांचे दोन-तीन अर्ज एकत्र दिले तर तो धंदा करतो हे दाखवता येईल. मला माझ्या वकिलांनी पुढच्या महिन्यात मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज करायचं सांगितलं आहे, त्याआधी जितके जण येतील तितके हवेत.