मशीन, सुया, क्रोशे की भरतकाम : मुलं लहान असताना हातात काय घ्यावं?

समजा, आठवड्यातली 100 मिनिटं तुमची स्वतःची आहेत. ती रोज रात्री 20-20 अशी पाच वेळा आली, तर शिलाई मशीनवाल्याच्या हाती त्यातली 25च लागतात. टेबल मोकळं करा, मशीन काढा, दोरा ओवा, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) बघा, शेवटी टाचण्या मोजून सगळं परत वर ठेवा. यात 15 मिनिटं जातात आणि ती रोज जातात. क्रोशेवाला पिशवीतून काम काढतो, पिन सोडवतो आणि सुरू करतो. त्याची 90-95 मिनिटं शाबूत राहतात. हीच 100 मिनिटं सुट्टीच्या दुपारी सलग मिळाली, तर मशीनवाला 85 मिनिटं शिवतो आणि तेवढ्यात बेतून ठेवलेला पायजमा घालण्याजोगा होतो. क्रोशेवाल्याची तोवर जेमतेम अर्धी टोपी झालेली असते.

म्हणून ‘कुठल्या कामाला कमी वेळ लागतो’ हा प्रश्न मी आता कुणाला विचारू देत नाही. पिल्लू घरात असताना बघायचं ते एवढंच, की अर्ध्यावर हाक आली तर काम कसं खाली ठेवता येतं आणि तीन दिवसांनी उचलल्यावर ते कुठे होतं हे किती लवकर कळतं. दोन मुलांच्या मागे धावता धावता मी ही चारही कामं करून पाहिली आहेत. काही पुरी केली, बरीच उसवली. त्या हिशोबाने खालची तुलना.

क्रोशे

क्रोशेचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे कुठल्याही क्षणी त्यात जिवंत, म्हणजे सोडला तर उसवणारा, टाका एकच असतो. मागचे सगळे साखळ्या-खांब, म्हणजे क्रोशेचे टाके, आपापल्या जागी बांधलेले. हाक आली की त्या एका फासात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. ओळ पुरी करायची गरज नाही, खांब पुरा करायचीही नाही. पिन विसरलात आणि धाकट्याच्या हाती धाग्याचं टोक लागलं, तर मात्र पाच मिनिटांत तासाभराचं काम सरसर उसवून जमिनीवर येतं. मुलांना त्यात अपार आनंद होतो, हे मी पाहिलं आहे.

परत उचलतानाही त्रास कमी. मुके खांब, खांब, साखळ्यांच्या कमानी हे सगळं डोळ्यांना दिसतं आणि बोटाने मोजता येतं, त्यामुळे कागदावर खुणा करायची गरज थोडी. चूक झाली तर तेवढंच उसवायचं, सुई परत घालायची, पुढे जायचं.

आता दुसरी बाजू. तेवढ्याच आकाराला क्रोशे दोन सुयांच्या विणकामापेक्षा जास्त लोकर खातं आणि पोत जाड येतो. अंगाला मऊ बसणारा स्वेटर हवा असेल, तर बारीक धागा आणि मोठी सुई घेतल्याशिवाय निभाव लागत नाही. शिवाय चौकोनांचा मोह. ‘रोज एक चौकोन, दोन महिन्यांत पांघरूण’ हे ऐकायला फार गोड लागतं. 12 सेंटिमीटरचे चौकोन, 6 गुणिले 8, म्हणजे 48. पांघरूण होतं 72 बाय 96 सेंटिमीटरचं, बाळाला पुरेसं. प्रत्येक चौकोनात चार रंग घेतले की एका चौकोनाला धाग्याची आठ टोकं, 48 चौकोनांना 384. ती सगळी दाभणाने आत ओवून लपवायची आणि मग चौकोन एकमेकांना जोडायचे. माझ्या ओळखीतली अर्धवट पांघरुणं सगळी याच टप्प्यावर कपाटात गेलेली आहेत, माझं धरून. चौकोनच करायचे असतील तर एकरंगी करा आणि टोकं त्या त्या दिवशीच लपवा. त्यापेक्षा मधून सुरू होऊन गोल वाढत जाणारं एकच मोठं पांघरूण बरं: टोकं कमी, जोडकाम शून्य, आणि कंटाळा आला तिथे थांबलं तरी ते पांघरूणच असतं.

दोन सुया

विणकामात सुईवरचे सगळेच टाके जिवंत असतात. साध्या मफलरीला 40, मोठ्या माणसाच्या पायमोज्याला बारीक लोकरीचे 60-64. सुई निसटली की ते सगळे उघडे पडतात आणि एखादा टाका खाली धावला की शिडी होते. क्रोशेच्या सुईने ती शिडी पायरी-पायरीने वर चढवता येते, पण ते शांत डोक्याचं काम आहे आणि शांत डोकं असतं तर शिडी झालीच नसती.

तरीही शहाणपणाचं विणकाम असतं, ते कसं निवडायचं हे कळलं पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे सरळ सुया बाजूला ठेवा आणि मध्ये लवचिक दोरी असलेली गोल सुई घ्या. उठताना टाके दोरीवर ढकलले की टोकं रिकामी राहतात, काम पिशवीत कोंबलं तरी टाके उतरत नाहीत आणि सोफ्यावर लांब टोकदार काही पडून राहत नाही. सपाट कामही गोल सुईवर करता येतं, ओळ संपली की फक्त उलटायचं.

दुसरी गोष्ट, ओळ लहान ठेवा. 200 टाक्यांची शाल घेतलीत तर एकेक ओळ पुरी व्हायला दहा-दहा मिनिटं लागतात आणि तुम्ही नेहमी मधेच उठणार. मधेच उठलात तर परत बसताना एक खूण लक्षात असू द्या: ज्या सुईवरच्या शेवटच्या टाक्यातून लोकरीचा धागा निघतो, ती सुई उजव्या हातात. उलटी धरलीत तर मधूनच मागे फिराल आणि तिथे भोक पडेल. ही एक ओळ मला कुणी आधी सांगितली असती, तर एक पूर्ण झबलं वाचलं असतं.

जाळीची नक्षी पुढच्या काही वर्षांसाठी विसरा. ‘दोन एकत्र, एक वेढा, तीन सुलट’ हे मनात चालू असताना ‘बाबा, डायनासोर मेले कसे?’ असा प्रश्न आला, की दोन्हीपैकी एकाचं उत्तर चुकतंच. करायचीच असेल तर दर काही ओळींनी टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते.

मात्र गोल विणलेली साधी नळी, म्हणजे पायमोज्याचा पाय किंवा टोपी, तिला तोड नाही. सगळे सुलट टाके, उलटायचं नाही, बघायचंही नाही. मुलाचा अभ्यास घेताना, गोष्ट ऐकताना, क्लास सुटायची वाट बघत बाकावर बसलेलं असताना हात आपले चालतात. क्रोशेत खांब कुठे घालायचा हे बहुतेक वेळा बघावं लागतं. साध्या विणकामात हातांना सवय झाली की डोळे मोकळे होतात, आणि मुलं आपल्या हातांकडे नाही, डोळ्यांकडे लक्ष ठेवून असतात.

शिलाई मशीन

मशीनबद्दल लोक दोन टोकांना बोलतात. एक तर ‘अर्ध्या तासात फ्रॉक’, नाहीतर ‘मुलं मोठी होईपर्यंत नावच नको’. खरं असं, की शिवणात मशीन चालण्याचा वेळ थोडाच असतो. साधा पायजमा घ्या: पायांच्या आतल्या दोन शिवणी, मधली एक, कमरेचा नेफा आणि खाली दोन दुमडी. टीप मारायला लागणारा वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. बाकी सगळा वेळ जातो आखण्यात, बेतण्यात, कापण्यात, टाचण्यात आणि दर शिवणीनंतर इस्त्री फिरवण्यात.

हीच अडचण आणि यातच सोय. ही कामं वेगवेगळ्या दिवशी करता येतात. एका संध्याकाळी कागदी नमुना, दुसऱ्या दिवशी कापणं, तिसऱ्या दिवशी टाचून घडी घालून एका डब्यात. मशीन फक्त सलग वेळ मिळेल तेव्हाच काढायचं. दोन बॉबिन आधी भरून ठेवायच्या आणि एकाच रंगाच्या दोऱ्याची दोन-तीन कामं एकत्र उरकायची. कापताना प्रत्येक तुकड्यावर उलट्या बाजूला खडूने लिहायचं, ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’. आठवड्याने तो तुकडा कसला होता हे कुणालाच आठवत नाही.

आणि रात्री अकरानंतर कात्री हातात घ्यायची नाही. मी एकदा दोन्ही तुकडे सुलट बाजू वर ठेवून एकाच नमुन्यावर कापले, तेव्हा पायजम्याचे दोन्ही पाय डावेच निघाले. उसवलेली टीप पुन्हा मारता येते, लोकर पुन्हा विणता येते, कापलेलं कापड मात्र कापलेलंच राहतं. चारही कामांत थकव्याला सर्वांत महाग शिक्षा इथेच आहे. रात्री टाचा, दिवसा कापा.

आवाजाचा प्रश्न आहेच. मशीनखाली दुमडलेला जाड टॉवेल किंवा रबरी चटई घातली की टेबलाची थरथर बरीच कमी होते, पण बाळ शेजारच्या खोलीत कच्च्या झोपेत असेल तर त्यावर विसंबू नका. उठताना सुई कापडात खाली ठेवून उठा, म्हणजे शिवण जागची हलत नाही. आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाणार असेल तर प्लग काढा. पायाचं पायडल टेबलावर ठेवा. रांगत्या मुलाला पायडलइतकं आकर्षक खेळणं घरात दुसरं नसतं.

ज्या घरात मशीन कायम मांडून ठेवायला एक कोपरा आणि त्याला लावायला दार आहे, तिथे सुरुवातीचा सगळा हिशोब उलटतो. 15 मिनिटांची मांडामांड दोनवर येते आणि रोजची 20 मिनिटंही शिवणाला पुरतात. तेव्हा मशीन घ्यायचं की नाही हे ठरवताना वेळेआधी जागा मोजा.

भरतकाम

सामान सगळ्यात कमी: रिंग, कापड, सुई, दोरा. लच्छी साधारण 8 मीटरची, सहा पदरी. हवे तेवढे पदर सुटे करायचे आणि एका वेळी हातभर, 45 सेंटिमीटरच्या आसपास, दोरा ओवायचा. मला हे माप फार आवडतं, कारण एक ओवलेला दोरा म्हणजे आपोआप आखलेलं छोटं काम. साखळी टाक्याने एक-दोन पानं होतात, दोरा संपतो, तुम्ही उठता.

पण चांगला उजेड लागतो आणि सुई बारीक, म्हणजे हरवणारी. सुरू करताना सुया मोजा, संपवताना मोजा, मधे त्या चुंबकावर ठेवा. फुलीच्या टाक्याची मोठी चित्रं मात्र फसवी. इंचाला 14 घरांच्या कापडावर तळहाताएवढा, 10 बाय 10 सेंटिमीटरचा पूर्ण भरलेला चौकोन म्हणजे तीन हजारांवर फुल्या. ताशी 150 धरल्या तर 20 तास, आणि मोजताना हाक आली की घर चुकलं. मुलाच्या शर्टाच्या खिशावर एक मासा भरणं हे या वर्षांत बसणारं भरतकाम.

मनगट

एक गोष्ट तुलनेत कुणी धरत नाही. तान्ह्या बाळाला सारखं उचलून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखणं नव्या आई-बाबांमध्ये बरंच आढळतं. तसं दुखत असेल तर क्रोशे आणि सुया दोन्ही ते वाढवू शकतात, कारण तोच अंगठा, तीच पकड. अशा वेळी आधी डॉक्टरला दाखवा, आणि तोवर काही करायचंच असेल तर मशीनवरची सरळ शिवण हाताला हलकी पडते. वेळेच्या हिशोबात क्रोशे जिंकत असलं तरी तुमच्या हाताच्या हिशोबात हरू शकतं.

मग घ्यायचं काय?

मूल तीन वर्षांच्या आतलं, वेळ तुकड्या-तुकड्यांत आणि आधी काहीच येत नाही: क्रोशे. यात मला शंका नाही. बाहुल्या-प्राणी करणार असाल तर डोळ्यांना बटणं किंवा मणी लावू नका, दोऱ्यानेच भरा. सुटलेलं बटण थेट तोंडात जातं.

मूल शाळेत जायला लागलंय आणि तुमचा वेळ मुख्यतः वाट बघण्यात जातो: गोल सुईवरचं साधं विणकाम. शिकायला क्रोशेपेक्षा जड, पहिले दोन आठवडे चिडचिड होईल, पण पुढे तेच सगळ्यात जास्त ठिकाणी सोबत येतं.

आठवड्यातून एकदा जोडीदार किंवा आजी-आजोबा मुलांना दोन तास घराबाहेर नेऊ शकतात: मशीन. पण तो ठराविक वार हवा. ‘जमेल तेव्हा’ या वारी मशीन कधीच निघत नाही. आणि मुलं घरातच, बंद दाराबाहेर असतील तर तो वेळ धरू नका, दर सात मिनिटांनी दार वाजतं.

मुलांना सोबत घेऊन करू, असं मनात असेल तर चांगलंच आहे, पण तो वेळ मुलांच्या खात्यात लिहा. चार-पाच वर्षांच्या मुलाला जाड लोकरीची बोटांनी साखळी घालायला येते, सात-आठ वर्षांच्याला बोथट सुईने धावदोरा. ते शिकवत असताना तुमचं स्वतःचं काम एक ओळही पुढे सरकणार नाही.

अजूनही ठरत नसेल तर काहीही विकत घेण्याआधी दोन आठवडे एक उसनी क्रोशेची सुई आणि उरलेल्या लोकरीचा एक गुंडा पिशवीत घेऊन फिरा. किती वेळा बाहेर काढला, ते पिशवीतल्याच एखाद्या कागदावर रेघा मारून मोजा. माझ्या पहिल्या आठवड्यात अकरा रेघा आल्या होत्या. त्यातल्या नऊ रेघांच्या वेळी मी घराबाहेर होतो, आणि मशीन मात्र घरासाठी घ्यायला निघालो होतो.