पीओपीतले दिवे: पॅनेल, कोब, जीयू-१० की साधा बल्ब?

माझ्या मावसभावाने नाशिकच्या पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, अगदी वरच्या मजल्यावर. पीओपीचं काम चालू आहे. कारागिराने हॉलमध्ये आठ भोकं पाडायच्या आधी विचारलं, "दिवे कुठले ते सांगा, त्या मापाने कापतो." भावाने तो प्रश्न माझ्याकडे ढकलला: "दादा, असे दिवे सांग की दहा वर्षं शिडी काढायला नको." त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हा निर्णय भोकं पडायच्या आधीच व्हायला हवा.

आधी खोक्यावरचा आकडा बघू. २५,००० तास. रोज पाच तास दिवा लावला तर ५,००० दिवस, म्हणजे साडेतेरा वर्षांहून जास्त. पण हा हिशोब बहुतेक वेळा एलईडीच्या चिपचा असतो. चिपचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर यायला जेवढे तास लागतात, तेवढं तिचं आयुष्य धरतात. घरात आपल्याला दिसतं ते वेगळंच. दिवा मंद होत जात नाही, एके दिवशी लागतच नाही. तेव्हा बहुधा चिप शाबूत असते आणि गेलेला असतो ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज चिपेला लागेल तशी करून देणारी डबी.

हे मी माझ्याच घरी पाहिलंय. इंदिरानगरला आमचाही फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. आठ पॅनेलांपैकी तीन दोन वर्षांच्या आत गेली. ज्या दुकानातून घेतली होती तिथे "अख्खं पॅनेलच बदला" एवढंच उत्तर मिळालं. मग ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने मेन बंद केला, पॅनेलच्या कडेत बोटं घालून ते खाली ओढलं, स्प्रिंगच्या दोन्ही क्लिपा दाबून धरल्या आणि मागून काड्यापेटीएवढी पांढरी डबी काढली. स्क्रूड्रायव्हरने ती उघडली. आत एक छोटा कपॅसिटर होता, म्हणजे वीज साठवून सुरळीत करणारा नळकांडीसारखा भाग. त्याचा माथा सपाट असायला हवा, तो पुरीसारखा फुगला होता आणि बुडाशी तपकिरी डाग पडला होता. नवा ड्रायव्हर लावला तसं तेच पॅनेल लख्ख पेटलं. आजही ते जागेवर आहे. उरलेली दोन्हीही तशीच सुरू झाली.

तो कपॅसिटर उष्णतेने सुकतो. असे कपॅसिटर जिथे काम करतात तिथलं तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बाहेरगावचे लोक नाशिकला थंड हवेचं म्हणतात, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो हे आपल्याला ठाऊक आहे. दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता सोडतो संध्याकाळी, आणि नेमके तेव्हाच आपण दिवे लावतो. स्लॅब आणि पीओपीमधल्या चार-सहा इंचांत हवा हलत नाही. म्हणून पीओपीतला दिवा निवडताना दोनच गोष्टी विचारायच्या: तो स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो, आणि बिघडला तर छताला हात न लावता त्याचा बिघडलेला भाग बदलता येतो का.

पातळ पॅनेल सगळ्यात जास्त खपतं. सात-आठ पीओपीवाल्यांतले सहा तेच सुचवतील. त्यात दोन जाती आहेत आणि दिसायला त्या जवळजवळ सारख्याच. एकात ड्रायव्हर वेगळा, वायरीला लोंबणारा असतो. दुसऱ्याला दुकानदार डीओबी म्हणतात: ड्रायव्हर चिपांच्याच प्लेटवर बसवलेला. डीओबी स्वस्त पडतं आणि बसवायला सोपं, वायर थेट जोडली की झालं. पण ते गेलं की पूर्ण गेलं. चिपा एकामागे एक साखळीत असतात, एक जळली तर अख्खा दिवा अंधारतो आणि ड्रायव्हर बदलायची सोयच नसते. स्वस्तातल्या डीओबीचा उजेड थरथरतोही. दुकानातच मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ते खाली ठेवा. हॉलसाठी मी डीओबी घेणार नाही. पॅसेजसाठी, स्टोअरसाठी, जिथे दिवा दिवसातून वीस मिनिटं लागतो तिथे चालेल.

वेगळ्या ड्रायव्हरच्या पॅनेलमध्येही एक निवड आहे. काहींत चिपा कडेने असतात आणि उजेड मधल्या ॲक्रिलिकमधून पसरतो, काहींत त्या थेट मागे असतात. कडेच्या प्रकारात, स्वस्त पॅनेलांत, तो मधला थर काही वर्षांनी पिवळा पडू शकतो. जागा असेल तर मागे चिपा असलेलं थोडं जाड पॅनेल घ्यावं.

कोबची गोष्ट वेगळी. एकच मोठी चिप, मागे ॲल्युमिनियमचा पंखेदार जड ठोकळा, ड्रायव्हर बहुधा बाहेर. हातात घेतल्यावर वजन जाणवतं आणि ते वजनच उष्णता ओढून घेतं. टिकण्याच्या बाबतीत माझा कौल चांगल्या कोबला आहे. पण त्याचा झोत अरुंद असतो. भिंतीवरच्या चित्रावर किंवा टीव्ही युनिटवर तो सुरेख दिसतो, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत मात्र खुपतो. फक्त कोबवर हॉल उजळायला गेलात तर कोपरे काळेच राहतील. शिवाय त्याला मागे खोली लागते. पीओपी फक्त तीन इंच खाली घेतलं असेल तर आधी टेपने मोजा.

जीयू-१० म्हणजे छतात फक्त रिंग आणि होल्डर, दिवा फिरवून काढायचा-घालायचा. तो थेट २३० व्होल्टवर चालतो. ड्रायव्हर त्या चिमुकल्या दिव्याच्या पोटातच असल्यामुळे तो तापतो, म्हणून पाच वॅटच्या आसपासचाच घ्यावा. एका दिव्याचं आयुष्य कोबपेक्षा कमी भरेल हे मान्य. पण गेला तर घरातली कुणीही व्यक्ती दोन मिनिटांत नवा घालते, वायरमनची वाट बघावी लागत नाही. घरी आई-वडील एकटे असतील तर ही सोय मोठी आहे.

जुन्या बंगल्यांतून सहा इंचांचे खोल डबे असतात, ज्यांत पूर्वी सीएफएल असायचे. डब्यात नेहमीच्या बल्बचा, दाबून फिरवायचा होल्डर असेल तर तो उपटू नका. त्यात ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब घाला. डब्याचं तोंड काचेने बंद असेल तर काच काढा, कारण कोंडलेल्या जागेत हा बल्ब लवकर जातो. कुठे जुने १२ व्होल्टचे हॅलोजन असतील तर नुसता दिवा बदलून भागत नाही. जुना ट्रान्सफॉर्मर एवढ्या कमी वॅटवर नीट चालत नाही, उजेड लुकलुकतो. तोही बदला. ५० वॅटचे आठ हॅलोजन रोज पाच तास म्हणजे महिन्याला ६० युनिट, १२ वॅटची आठ पॅनेलं म्हणजे १४-१५. त्यात हॅलोजनचं आयुष्य जेमतेम २,००० ते ४,००० तास.

आता ड्रायव्हरकडे नीट बघा, कारण खरा पैसा तिथे घालायचा आहे. डबीवर करंट (उदाहरणार्थ ३०० एमए, म्हणजे मिलिअँपिअर) आणि डीसी व्होल्टची कक्षा छापलेली असते. बदलताना दोन्ही जुळायलाच हवेत, नुसते वॅट बघून घेतलेला ड्रायव्हर चिपा जाळू शकतो. टीए म्हणजे आसपासची हवा किती अंशांपर्यंत चालेल तो आकडा. वरच्या मजल्यासाठी ४५ किंवा ५० असलेलाच मागा. सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून बचाव, २.५ केव्हीपेक्षा (किलोव्होल्ट) ४ केव्ही बरं, वळवाच्या पावसात विजा कडाडतात आणि लाइट ये-जा करते तेव्हा त्याचा उपयोग होतो. बीआयएसची खूण आणि 'आर'नंतर आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक असतो, तो सुट्या ड्रायव्हरवरही शोधा. बसवताना ड्रायव्हर पॅनेलच्या पाठीवर ठेवू देऊ नका, वायर पुरेल तेवढा बाजूला सरकवायला सांगा. कारागीर घाईत असतो, त्यामुळे हे उभं राहून करून घ्यावं लागतं.

वॅटचा मोहही आवरा. ८ वॅटचे दहा दिवे १५ वॅटच्या सहांपेक्षा थंड राहतात, आणि उजेडही सारखा पसरतो.

भावाचं असं ठरलं: हॉलमध्ये वेगळ्या ड्रायव्हरची मागे चिपा असलेली सहा पॅनेलं, टीव्हीच्या भिंतीवर दोन कोब, देवघरापाशी आणि आईच्या खोलीत जीयू-१०. उजेडाचा रंग सगळीकडे ४,००० केल्विन, म्हणजे ना फार पिवळा ना फार निळसर. नंतर आणलेला दिवा बाकीच्यांशी जुळत नाही. त्यासाठीच एक पॅनेल आणि दोन ड्रायव्हर जास्तीचे, त्याच खेपेतले घ्यायला सांगितलेत. प्रत्येक ड्रायव्हरवर मार्करने बसवल्याची तारीख टाकायची, बिलाचा फोटो काढायचा, आणि जास्तीचे नग माळ्यावर न ठेवता कपाटात ठेवायचे. माळाही स्लॅबलाच लागून असतो. रविवारी सकाळी गावात जाऊन घेऊन येणार आहोत, पीओपीवाल्याला सोमवारपर्यंत थांबवलंय.