गुडघेदुखीवर मालिश: सहा-सात महिन्यांनंतर काय वाटतं

दोन्ही गुडघ्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झीज, असं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवायला आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करायला सांगितलं. ते चालू ठेवून मी आठवड्यातून एकदा मालिश सुरू केली. त्याला आता सहा-सात महिने होतील. फरक पडला का? पडला. पण कशात पडला आणि कशात नाही हे नीट सांगायला हवं, कारण मालिशच्या नावाखाली आपल्याकडे काहीही खपवलं जातं.

मालिशचं रीतसर शिक्षण घेतलेल्या एक ताई घरी येतात. पूर्ण तासभर, सगळ्या अंगाला. कोमट तीळतेल, आधी पाठ-कंबर, मग मांड्या आणि पोटऱ्या. गुडघ्याच्या वाटीवर त्या जोर देतच नाहीत. वाटीच्या वर मांडीचा स्नायू आवळून बसलेला असतो, तिथे अंगठा रोवून सावकाश वर सरकतात. सुरुवातीला तिथे हात लागला की जीव कळवळायचा. आता तो भाग सैल झालेला माझ्याच बोटांना कळतो.

अर्ध्या तासात भागेल का, असं मैत्रिणी विचारतात. नेमका हाच प्रश्न अमेरिकेत ॲडम पर्लमन यांच्या गटाने तपासला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गुडघ्याची झीज असलेले १२५ जण होते आणि आठ आठवडे मालिशची वेगवेगळी मात्रा देऊन पाहिली होती. तासभराची मालिश मिळालेल्यांची दुखणी आणि रोजच्या हालचाली ठळकपणे सुधारल्या. आठवड्यातून दोनदा केल्याने एकदापेक्षा फारसं जास्त मिळालं नाही. माझ्यासारख्या पेन्शनवर जगणाऱ्या बाईला ही फार कामाची माहिती आहे.

गुडघा किती वाकतो, यात मात्र त्या अभ्यासात ठळक फरक आढळला नाही. माझंही अगदी तसंच झालंय. सकाळचा आखडलेपणा लवकर सुटतो, जिना उतरताना कठडा घट्ट धरावा लागत नाही, रात्री कूस बदलताना कळ येऊन जाग येत नाही. मांडी घालून बसणं अजून जमत नाही; सत्यनारायणाच्या पूजेला मला खुर्चीच लागते.

कोणी तासभर मायेने अंगावरून हात फिरवला की बरं वाटणारच, त्यात मालिशचं काय, असं आमचे हे म्हणायचे. शंका रास्त आहे. गुडघ्याच्या झिजेवरच्याच २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात, २२२ जणांमध्ये, म्हणूनच एका गटाला फक्त हलका स्पर्श दिला होता. आठ आठवड्यांनी मालिशचा गट त्यांच्याही पुढे होता. वर्षाअखेरीस मात्र गटांमध्ये म्हणावा असा फरक उरला नाही, आणि हे मला पटतं. ताई गावाला गेल्या होत्या तेव्हा आखडलेपणा हळूहळू परत आलाच.

एका स्पामध्ये मला सांगितलं होतं की मालिशने कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण, पुन्हा तयार होते आणि शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात. ऐकून संताप आला. दुखण्याने गांजलेला माणूस अशा बोलण्यावर पटकन विश्वास ठेवतो आणि खरे उपचार लांबणीवर टाकतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१२ मध्ये ११ तरुणांना दमवणारा व्यायाम करायला लावून, मालिश केलेल्या आणि न केलेल्या मांडीच्या स्नायूंचे तुकडे तपासले. मालिशने दाहाच्या खुणा कमी झाल्या. पण दमवणाऱ्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक ॲसिड, जे मालिशने निघून जातं असं म्हणतात, ते काही वाहून गेलं नाही. नमुना छोटा आणि सगळे तरुण, त्यामुळे माझ्या साठीतल्या गुडघ्यांना हे किती लागू पडेल याबद्दल मी सबुरीनेच बोलेन. २०२४ मध्ये दुखण्यावरच्या मालिशच्या अभ्यासांचा मोठा आढावा निघाला, त्यातही भक्कम खात्रीचा म्हणावा असा एकही निष्कर्ष नव्हता. तरी माझ्या पायांना आराम आहे आणि त्यासाठी मी पैसे खर्च करते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली तर तिला हात लावू देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारून घ्या आणि जोरकस मालिश टाळा.

एका वेळचे ८०० रुपये होतात. २०१९ च्या अभ्यासात पहिल्या आठ आठवड्यांनंतर काही जणांची मालिश पंधरवड्याने चालू ठेवली होती. पुढच्या महिन्यापासून मीही तसंच करून बघणार आहे. ताईंशी बोलणं झालंय, गुरुवार ठरलाय.