वस्तीतली बाग, मोठं उद्यान, टेकडी की तलाव? लहान मुलांना घेऊन कमी खर्चात कुठे जावं

मुलांना बाहेर न्यायचं ठरलं की आपण आधी तिकीट किती ते विचारतो. पण सहलीचा खर्च बहुतेक वेळा तिकिटाबाहेरच होतो: जाण्यायेण्यात, फाटकाशी मांडलेल्या खेळण्यांवर, डबा न्यायचा राहिला म्हणून घेतलेल्या खाण्यावर, आणि दमलेलं मूल उचलून चालवेना म्हणून ऐनवेळी केलेल्या गाडीवर. लांबची फुकट जागा जवळच्या तिकिटाच्या जागेपेक्षा महाग पडते ती अशी. म्हणून इथे मी तीन गोष्टी बघून तुलना केली आहे: जागा किती लांब आहे, घरातलं सगळ्यात धाकटं मूल तिथे किती वेळ रमेल, आणि मोठ्यांना किती लक्ष ठेवावं लागेल.

वस्तीतली बाग आणि मोठं उद्यान

सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर माझं मत सरळ वस्तीतल्या बागेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार 3 ते 4 वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करायला हवी, आणि त्यातली 60 मिनिटं धावपळीची असावीत. पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारा खेळ हवा. महिन्यातून एकदा केलेली थाटाची सहल ही गरज भागवू शकत नाही, चालत जाता येईल अशी छोटी बाग भागवू शकते. नागरी वनशास्त्राचे अभ्यासक सेसिल कोनाइनेन्डाइक यांनी 2021 मध्ये शहरांसाठी 3-30-300 असा नियम सुचवला. घरातून 3 झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के झाडांची सावली असावी आणि हिरवी जागा 300 मीटरच्या आत असावी. तुमच्या घरापासून एवढ्या अंतरावर बाग असेल, तर तिच्यात घसरगुंडी एकच आहे म्हणून तिला कमी लेखू नका.

बाग निवडताना खेळणी मोजण्यापेक्षा खालची जमीन बघा. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी वाळू किंवा मऊ रबर असेल तर चांगलं. फरशी किंवा काँक्रीट असेल तर दुसरी बाग शोधा. उन्हाळ्यात दुपारी मात्र तेच रबर आणि घसरगुंडीचा पत्रा चटका बसण्याइतके तापतात, तेव्हा मुलाला बसवण्याआधी स्वतःचा हात टेकवून बघा. आणखी एक, कारण ही चूक प्रेमापोटीच होते: मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरू नका. त्याचा बूट कडेला अडकतो, मोठ्या माणसाचं वजन मागून रेटत राहतं आणि गुडघ्याखालचं हाड मोडतं. मूल एकटं असेल तर पाय अडकल्यावर ते बहुधा जागीच थांबतं.

मोठं उद्यान सरस ठरतं ते घरात दोन वेगळ्या वयांची मुलं असतील तेव्हा. थोरल्याला पळायला जागा मिळते, धाकट्याला झाडाखाली बसता येतं, आणि स्वच्छतागृह असण्याची शक्यताही जास्त. अडचण आतल्या अंतराची आहे. लहान मुलाची निम्मी ताकद फाटकापासून खेळण्यांपर्यंत पोचण्यातच संपते, म्हणून निघण्याआधी खेळण्यांच्या जवळचं फाटक कुठलं ते विचारून ठेवा. हिरवळीवर पाऊल टाकू देत नसतील, तर ते उद्यान मोठ्यांना फिरायला कितीही सुंदर असलं तरी मुलांसाठी वस्तीतल्या बागेपेक्षा वाईट. सतत ‘इकडे नको, तिकडे नको’ म्हणत दोन तास काढणं दोघांनाही सोसत नाही.

टेकडी आणि प्राणीसंग्रहालय

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला मुद्दाम लांबच्या एका उद्यानात नेलं होतं. वाटेत खडीचा ढीग लागला आणि तो तिथेच बसला. खडे उचलायचे, रांगेत लावायचे, पुन्हा ढिगावर टाकायचे. मी त्याला तिथून ओढून खेळण्यांकडे नेलं, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे कळलं की डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सन यांनी नेमकं हेच टिपलं होतं. आखीवरेखीव क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या जागी पडलेल्या फळ्या, विटा नि मातीत मुलं जास्त रमतात हे पाहून त्यांनी एक कल्पना मांडली, आणि तिच्यातून 1943 मध्ये कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात टाकाऊ सामानाचं क्रीडांगण उभं राहिलं. जगभरच्या साहसी क्रीडांगणांची सुरुवात तिथली.

टेकडी किंवा शहरालगतचं रान हे सामान आयतंच देतं: काटक्या, पानं, दगड, मुंग्यांची रांग. मातीत हात घालण्याचा आणखी एक फायदा फिनलंडमधल्या छोट्या अभ्यासात दिसला. तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 3 ते 5 वर्षांची 75 मुलं होती. काही पाळणाघरांच्या अंगणात रानातली माती आणि झुडपं आणून लावली. 28 दिवसांत तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या खुणांमध्येही चांगला बदल आढळला.

प्राणीसंग्रहालयात मुलं बघतात, टेकडीवर ती करतात. पाच-सहा वर्षांपुढची, प्रश्न विचारणारी मुलं असतील तर तिकिटाचे पैसे वसूल होतात. त्याआधी पिंजऱ्यातल्या दूरच्या वाघापेक्षा पायाशी आलेला कावळा त्यांना जास्त खरा वाटतो. जायचंच तर सकाळी उघडताच जा, कारण भर दुपारी बहुतेक प्राणी सावलीत निजलेले असतात, आणि अर्धाच भाग बघून परत या. टेकडीची उणीवही लक्षात ठेवा: बाबागाडी चढत नाही, पाणी मिळत नाही, आणि उतरताना मूल कडेवर येणार हे गृहीत धरावं लागतं.

पाणी

तलाव, नदीकाठ, समुद्रकिनारा यांच्याइतकं मुलांना काहीच आवडत नाही, आणि मोठ्यांना इतकं दक्षही दुसरीकडे कुठे राहावं लागत नाही. बुडणारं मूल हाका मारत नाही. ते गुपचूप आणि पाहता पाहता बुडतं, आणि अगदी लहान मुलाला काही सेंटिमीटर पाणीही पुरतं. म्हणून पोहता न येणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, तेही हाताच्या अंतरावर आणि फोन पिशवीत ठेवून. दोन लहान मुलांना घेऊन तुम्ही एकटेच निघाला असाल तर त्या दिवशी पाण्याचा बेत करू नका.

मोकळं मैदान आठ वर्षांपुढच्या मुलांना पुरेसं आहे. चेंडू आणि दोन-तीन सवंगडी असले की आणखी काही लागत नाही. सावली नसते, तेवढी वेळ सांभाळा.

दोन आणि नऊ वर्षांची मुलं आणि सोबत एकच मोठं माणूस असेल, तर मी हिरवळीवर बसू देणारं मोठं उद्यान निवडेन आणि चेंडू घेऊन जाईन. एकटंच तीन-चार वर्षांचं मूल असेल तर वस्तीतली बाग, आठवड्यातून चार वेळा, आणि सोबत एक लहान बादली नि जुना चमचा. दोघं मोठे मोकळे असतील त्या सुट्टीत टेकडी किंवा तलाव. निघताना कपड्यांचा एक जादा जोड घ्या, आणि परतायची वेळ मुलाच्या झोपेआधी तासभर तरी ठेवा.