रक्तचंदनाच्या नावाखाली १६,५०० रुपये

हे लिहायला मला सहा महिने लागले. पैसे गेल्यापेक्षा लाज जास्त वाटत होती. मी नाशिकला शाळेत गणित शिकवते. आठवीच्या पोरांकडून नफा-तोट्याची उदाहरणं घोटून घेणारी बाई, आणि दारात आलेल्या एका माणसाने मला अर्ध्या तासात गुंडाळलं. मागच्या आठवड्यात पलीकडच्या कॉलनीत तसाच एक जण फिरत होता असं कळलं, म्हणून आता लाज बाजूला ठेवून बसले आहे.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही एक जुना बंगला घेतला. मागच्या अंगणात दोन मजले उंच झाड होतं. पानं बारीक, पिसासारखी. जुन्या मालकांना नाव विचारलं तर म्हणाले, "कुणास ठाऊक, आम्ही आलो तेव्हाही होतं." घर विकायच्या आधी त्यांनी ते चांगलंच छाटून टाकलं होतं, त्यामुळे फूल नाही, शेंग नाही. आमचे हे त्याला गुलमोहराचा चुलतभाऊ म्हणायचे. आमचं काम त्या नावावर चाललं होतं.

मार्चअखेर नव्या फुटीवर कापूस चिकटवल्यासारखं पांढरं काहीतरी दिसू लागलं. मग पानं चिकट झाली, खालची फरशी चिकट झाली, चप्पल उचलताना चर्र आवाज यायला लागला. पंधरा दिवसांत पानांवर काजळी धरली. बुंध्यावर मुंग्यांची वर जाणारी एक रांग आणि खाली येणारी एक. मी घरी बागेचं काही फार जाणत नाही. कुंडीतली तुळस आणि झाडाखाली लावलेला कढीपत्ता, एवढीच माझी शेती.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळची शाळा करून मी घरी आले तेव्हा तो फाटकाशी उभा होता. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर हिरवी टोपी, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या. म्हणाला, "ताई, झाडाला पिठ्या ढेकूण लागलाय. मुंग्या त्याच चढवतात." हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. पुढे मी फसले त्याचं कारण हेच पहिलं वाक्य. तीन आठवडे ज्याला मी नुसतं "पांढरं" म्हणत होते त्याचं नाव त्याने फाटकाबाहेरून सांगितलं. मी फाटक उघडलं.

आत आल्यावर त्याने एक पान तोडलं, मोबाईलवर फोटो काढला आणि झाडं ओळखणारं ॲप उघडून मला दाखवलं. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: रेड सँडलवुड. खाली बारीक तिरप्या अक्षरांत आणखी काहीतरी होतं, तेवढ्यात त्याने अंगठ्याने पडदा वर सरकवला. "ताई, तुम्हाला माहितीये का तुमच्या अंगणात काय उभं आहे? रक्तचंदन."

सिनेमामुळे रक्तचंदनाचं नाव घराघरात आहेच. शिवाय यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या शेतातल्या, रक्तचंदनाचं म्हणून सांगितलेल्या झाडापोटी रेल्वेने न्यायालयात एक कोटी रुपये भरल्याची बातमी त्याच महिन्यात सगळीकडे फिरत होती. ती त्याने लगेच काढून दाखवली. मी हसले खरी, पण मान वर करून झाडाकडे पाहिलं ते वेगळ्याच नजरेने. त्यानेही ते पाहिलं असणार.

मग त्याने खात्री पटवली. अंगठ्याएवढ्या जाडीची एक डहाळी तोडली, चाकूने तिचा तुकडा काढला, माझ्याकडून काचेचा पेला मागून घेतला आणि तुकडा पाण्यात टाकला. दोन मिनिटांत पाणी लाल. त्या दोन मिनिटांत मी त्याच्यासाठी सरबत आणायला आत गेले होते, हे मला फार नंतर आठवलं.

शेवटी त्याने फांदीवरची एक मोठी पांढरी, झालरीसारख्या मेणाच्या धाग्यांनी भरलेली अळी काडीवर घेतली. बाकीच्या पिठ्यापेक्षा ती दुप्पट मोठी होती आणि चांगली तुरुतुरु चालत होती. "ही बघा, ही त्यांची आई. ही खोडात शिरली की आतला लाल गाभा गेला. मग एक कोटीचं झाड सरपणाच्या भावात." आणि काडीसकट चपलेखाली चिरडली.

औषध त्याच्याजवळच होतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत, वर एका पानाचं चित्र आणि "१०० टक्के जैविक" एवढंच छापलेलं. मी विचारलं, कढीपत्ता खाली आहे, चालेल ना? "ताई, पिऊन दाखवू का?" मी नको म्हटलं. दाखव म्हणायला हवं होतं. पहिल्या फवारणीचे ३,५०० त्याने जागेवर घेतले. पुढच्या दोन फवारण्यांचे ७,००० आगाऊ दिले तर "शासनदरबारी झाडाची नोंद" ६,००० मध्ये करून देणार होता, एरवी म्हणे त्याचे पंधरा हजार पडतात. मी यूपीआयने सगळे पाठवून दिले. १६,५००. ह्यांना संध्याकाळी सांगितलं तेव्हा तेही ओरडले नाहीत. उलट जेवताना आम्ही दोघांनी कोटीतून कर्जाचे किती हप्ते फिटतील ते मोजलं. हे मुद्दाम सांगते आहे.

फवारणी झाली त्या दुपारी घरभर वास. कडुलिंबाचा कडवट वास मला माहीत आहे, तो हा नव्हता. रॉकेलमध्ये लसूण कुजत घातल्यासारखा, घशाला धरणारा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी कुंपणावरून हाक मारली. त्यांच्या कडुलिंबाला फुलोरा आला होता, त्याच्या काही फांद्या आमच्या झाडाला लागून आहेत. खाली फरशीवर मधमाश्या पडल्या होत्या. काही मेलेल्या, काही पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या. काकांनी खराट्याने सुपलीत भरल्या, सुपलीचा तळ झाकला गेला. आणि त्या दिवशीच्या आमटीत मी नेहमीसारखा कढीपत्ता टाकला होता. धुऊन टाकला होता, असं मी स्वतःला सांगते.

मे महिन्यात माझे चुलतदीर पिंपळगावहून आले. त्यांची द्राक्षबाग आहे. पिठ्या ढेकूण म्हणजे बागाईतदारांचा जुना वैरी, त्यांच्यापुढे त्याचं नाव काढलं तरी कपाळावर आठी येते. उरलेली बाटली मी त्यांना दाखवली. त्यांनी झाकण उघडलं, लांबूनच हुंगलं आणि घट्ट लावून टाकलं. "वहिनी, हे कसलं जैविक? हा क्लोरोचा वास आहे." क्लोरो म्हणजे क्लोरोपायरीफॉस, एक रासायनिक कीटकनाशक. प्रयोगशाळेत काही आम्ही तपासून घेतलं नाही, पण ज्या माणसाने वीस वर्षं पंप पाठीवर घेतला त्याच्या नाकावर माझा विश्वास आहे. मग त्यांनी बाटली फिरवून दाखवली. कीटकनाशक म्हटलं की लेबलावर नोंदणी क्रमांक, बॅच, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, आत कोणता घटक किती टक्के आणि विषबाधा झाली तर उतारा काय, हे सगळं लागतं. शिवाय तो टोकावर उभा केलेला चौकोन, त्याचा खालचा अर्धा त्रिकोण रंगीत: लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा, विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने. आणि विकणाऱ्याकडे परवाना लागतो. मोटारसायकलच्या पिशवीतून दारोदार विकायची ही वस्तूच नव्हे. आमच्या बाटलीवर काय होतं? एक पान.

त्या झालरीवाल्या अळीचं मी वर्णन केलं तेव्हा तर त्यांनी डोक्याला हात लावला. "अहो, ती क्रिप्टोलिमसची अळी! आम्ही विकत आणून बागेत सोडतो." हा एक ढालकिडा आहे, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्ये मुद्दाम आणलेला. त्याची अळी पिठ्यासारखीच पांढरी, मेणाच्या धाग्यांची, पण आकाराने मोठी आणि चालीने चपळ. ती पिठ्या ढेकणांतच राहते आणि त्यांना खाते. म्हणजे माझ्या झाडावर उपचार आपोआप सुरू झाला होता. त्याने तो माझ्यासमोर चपलेखाली चिरडला आणि उरलेला फवाऱ्याने मारला, माझ्याच पैशाने. पुढच्या पंधरा दिवसांत पिठ्या परत आला, आधीपेक्षा जोमाने. त्याचं मेणाचं कवच त्याला वाचवतं, उघड्यावर फिरणारे ढालकिडे मात्र मरतात. दुसऱ्या फवारणीला तो माणूस आलाच नाही. फोन आधी उचलत नव्हता, नंतर बंद.

तरीही झाड रक्तचंदनाचं आहे हे मी धरून होते. खोटं कशाला बोलू, औषध खोटं निघालं तरी झाड खरं असेल असं मला जूनपर्यंत वाटत होतं.

जूनमध्ये सासूबाई गोव्याहून, नणंदेकडून परत आल्या. माहेर त्यांचं सावंतवाडीकडचं. पहिला पाऊस झाल्यावर झाडाखालचं तण काढायला बसल्या आणि पाच मिनिटांत मला हाक मारली. तळहातावर मातीतून निघालेल्या लालभडक, गुळगुळीत बिया. जुन्या, कितीतरी पावसाळे मातीत काढलेल्या, पण पदराने पुसल्यावर चकचकीत. "अगं, ही रतनगुंज! आम्ही लहानपणी ओच्यात भरून आणायचो. कोण म्हणालं चंदन?"

मी काही बोलले नाही.

रात्री बसून नीट पाहिलं. त्या ॲपमधली बारीक तिरपी अक्षरं म्हणजे शास्त्रीय नाव होतं, अडेनँथेरा पॅव्होनिना. हीच रतनगुंज. हिच्या लाकडाचा गाभा लाल असतो, पूर्वी चंदनाऐवजी गंधाला उगाळायचे, म्हणून इंग्रजीत हिला रेड सँडलवुड ट्री असंही म्हणतात. ॲप खोटं बोललं नव्हतं. खरं रक्तचंदन, टेरोकार्पस सँटॅलिनस, हे आंध्र प्रदेशातल्या शेषाचलमच्या डोंगरांतलं, कडप्पा-चित्तूरकडचं झाड. त्याचं पान बहुतेक त्रिदळी, बेलाची आठवण व्हावी असं, पण दळं रुंद आणि टोकाशी किंचित खाचलेली. शेंग चपटी, गोलसर, भोवती पंखासारखी कडा. रतनगुंजेचं पान पिसासारखं, दोनदा विभागलेलं; शेंग लांबट, वाळली की पीळ घेऊन उकलते आणि आत लाल बिया तशाच चिकटून राहतात. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर शाळेतलं पोरही गफलत करणार नाही. मी एकही पाहिलं नव्हतं.

आणि तो लाल पेला? लाल असतो तो जुन्या खोडाचा गाभा. अंगठ्याएवढ्या कोवळ्या डहाळीत गाभा तयारच झालेला नसतो, मग लाली कुठून येणार? शिवाय खऱ्या रक्तचंदनाचा रंगही साध्या पाण्यात जवळजवळ उतरत नाही, तो स्पिरिटमध्ये उतरतो. पाण्यात काय टाकलं होतं ते त्याला आणि माझ्या लिंबूसरबताला ठाऊक.

बियांबद्दल एक सांगते, घरात लहान मुलं असतात म्हणून. साध्या गुंजेला काळा ठिपका असतो आणि ती चावली गेली तर जिवावर बेतते. रतनगुंज आकाराने मोठी, पूर्ण लाल, ठिपका नाही. पण कच्ची तीही तोंडात जाऊ देऊ नये. पूर्वी सोनार तोलायला हिच्या बिया वापरायचे, चार बियांचा साधारण एक ग्रॅम. मी आमच्या सोनाराकडे ४० बिया काट्यावर घातल्या, १०.६ ग्रॅम भरल्या. गणिताच्या बाईला तेवढाच दिलासा.

पिठ्याचं पुढे काय केलं तेही सांगायला हवं. दिरांनी सांगितलं ते सगळं मिळून तीनशे रुपयांत झालं. जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून उन्हात ठेवले. बाकीच्या फांद्यांवर दोन-तीन दिवसाआड नळीने जोरात पाणी मारलं. मुंग्या तोडल्या, कारण पिठ्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. बुंध्याला प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलं, सालीला थेट नाही. कुंपणाला टेकलेल्या फांद्याही छाटल्या, नाहीतर मुंग्यांना ती दुसरी वाट होतीच. आणि पाच टक्के निंबोळी अर्क: लिटरमागे ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायच्या, दोन ग्रॅम साबणाचा चुरा घालायचा, आणि संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हात त्याचा गुण टिकत नाही. त्याच दिवशी वापरून टाकायचा. दर आठ-दहा दिवसांनी, तीनदा. वासाने कोणाचा घसा धरला नाही. ऑगस्टमध्ये मला एका फांदीवर पुन्हा ती झालरीवाली अळी दिसली, तेव्हा फवारा बंद केला.

पोलिसांत तक्रार अर्ज दिला, यूपीआयची नोंद जोडली, बाटली कृषी खात्याच्या माणसाला दाखवली. झाडाच्या नोंदीसाठी पैसे घ्यायला कोणी दारोदार जात नाही, हे वन कार्यालयात समोरच्या बाबूंनी मला हसत सांगितलं. पैसे परत आलेले नाहीत. पलीकडच्या कॉलनीत आलेल्या माणसाची टोपी निळी होती आणि झाड आंब्याचं होतं, पण बाटलीवर तेच पान. त्या घरच्या आजींनी ओळखपत्राचा फोटो काढू का विचारलं, तसा तो निघून गेला, गाडी त्याने चालूच ठेवली होती.

कढीपत्ता मी मे महिन्यातच जमिनीलगत छाटला. आता कमरेएवढी नवी फूट आली आहे, वास छान सुटतो. आमटीला अजून बाजारातूनच आणते.