कॉन्सर्टिना शिकताना पहिलं रेकॉर्डिंग कुणाचं? क्लेअरच्या चार वादकांची तुलना

आयरिश पारंपरिक संगीतासाठी कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत धरायचं बटणांचं छोटं भात्याचं वाद्य, घेतली की बटणं कुठे आहेत ते दोन दिवसांत कळतं. पुढचा प्रश्न असतो, ऐकायचं कोणाला? हे संगीत कानानेच शिकतात. कागदावर धून सापडते, पण तिची चाल सापडत नाही. ती गुरूकडून मिळते किंवा रेकॉर्डिंगमधून. पहिले सहा महिने ज्याला ऐकाल, त्याचा हात तुमच्या हातात उतरतो, त्यामुळे ही निवड विचार करून केलेली बरी.

ज्यांनी पेटी वाजवली आहे त्यांना वाद्य परकं वाटणार नाही. आत धातूच्या पत्त्या, त्यांतून जाणारी हवा, आणि हवेसाठी भाता. पण पेटीचा भाता फक्त हवा पुरवतो, आणि आयर्लंडमध्ये रुजलेल्या अँग्लो कॉन्सर्टिनात भाता स्वरही ठरवतो. तेच बटण धरून भाता मिटला की एक स्वर, उघडला की दुसरा, अगदी माउथ ऑर्गनसारखं. नेहमीच्या वाद्याला तीस बटणं असतात. पेटीच्या भाषेत सांगायचं तर मधली ओळ पांढरी एकची, आतली पांढरी पाचची, आणि बाहेरच्या ओळीत उरलेसुरले स्वर. इथल्या धुना बहुतांशी पांढरी दोन किंवा पांढरी पाचमध्ये बसवलेल्या असतात. पांढरी पाचसाठी काळी तीन लागते, ती आतल्या ओळीत मिळते. पांढरी दोनसाठी तिच्या जोडीला काळी एकही हवी, आणि ती बाहेरच्या ओळीत आहे. म्हणून आजचे वादक बोटं ओळींच्या आडवी नेतात. जुनी पिढी शक्यतो एकाच ओळीतून चालायची. त्यात भाता सतत पलटतो आणि त्या पलटण्यातूनच ठेका उभा राहतो. हा फरक एकदा कानाला कळला की चारही रेकॉर्डिंगं वेगवेगळी ऐकू येतात.

चारही वादक पश्चिम आयर्लंडमधल्या काउंटी क्लेअरचे आहेत, आणि हा योगायोग नाही. कॉन्सर्टिना इथे घराघरांत होती आणि तिच्यावर बायकांचा हात विशेष होता. आयरिश भाषेत तिला 'बाईचं अकॉर्डियन' अशा अर्थाचं नाव आहे.

सुरुवात सगळ्यांत प्रसिद्ध नावापासून करतो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. नोएल हिल यांची 'द आयरिश कॉन्सर्टिना' 1988 साली क्लॅडा रेकॉर्ड्सने काढली. या वाद्याच्या इतिहासात तिच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन काळ पडतात, असं मी मनापासून मानतो. डाव्या हाताचे स्वरसंघात, एकाच धुनेला दोन सप्तकांतून दिलेला भरदार आवाज, ओळी ओलांडत जाणारी बोटं. त्यांच्या हातात हे छोटं वाद्य एखाद्या मोठ्या ऑर्गनसारखं वाजतं. पण नवशिक्याच्या दृष्टीने अडचण नेमकी तिथेच आहे. एकाच वेळी इतकं काही घडत असतं की मूळ धून कुठली आणि सजावट कुठली हे वेगळं काढता येत नाही. मी याच तबकडीपासून सुरुवात केली. तीन महिने रोज ऐकली, आनंद झाला, हातात मात्र एकही धून आली नाही. आता शिकून झालेल्या धुना घेऊन तिच्याकडे परत जातो, तेव्हा दर वेळी काहीतरी नवं मिळतं. तिची जागा दुसऱ्या वर्षात आहे.

मेरी मॅकनमारा यांची 'ट्रॅडिशनल म्युझिक फ्रॉम ईस्ट क्लेअर' त्याच क्लॅडाने 1994 मध्ये काढली. मेरी टल्ला या गावच्या. पूर्व क्लेअरचं संगीत संथ असतं आणि त्यात एक हुरहूर असते. जवळच्या फीकलकडचे जॉन नॉटन यांच्यासारख्या जुन्या वादकांचा वारसा तिथे आहे. मेरींच्या वाजवण्यात रील, म्हणजे नाचाच्या धुनेचा एक प्रकार, धावत नाही, चालते. इथे रील, जिग, हॉर्नपाइप या नाचाच्या बहुतेक धुनांची बांधणी साधी असते: प्रत्येकी आठ बारचे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) दोन भाग, दोन्ही दोनदा, मिळून बत्तीस बार, आणि पुन्हा पहिल्यापासून. मेरी दुसऱ्या फेरीत एखादाच स्वर हलवतात, एखादा कणस्वर कमी करतात किंवा घालतात. वेग कमी असल्यामुळे तो बदल पकडता येतो. भाता कुठे पलटला, तेही ऐकू येतं. एकट्याने शिकणाऱ्याला याहून जास्त काय हवं? यातून मला सर्वांत मोठी गोष्ट मिळाली ती अशी की सावकाश वाजवणं ही शिकाऊपणाची पायरी नाही, ती स्वतंत्र शैली आहे. हे कळलं की सराव करताना वेगाची घाई आपोआप सुटते.

एक सूचना मात्र. पूर्व क्लेअरच्या वादकांना खालच्या पट्टीची ओढ आहे. रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना तुमचं बटण आणि त्यांचा स्वर जुळला नाही तर वाद्य बिघडलंय असं समजू नका. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पट्टी वर-खाली करून घ्या. वेग कमी करणारी बहुतेक अ‍ॅप्स हेही करतात.

क्रिस ड्रोनी यांचा स्वभाव अगदी निराळा. ते 1925 साली जन्मले, 2020 साली गेले. क्लेअरच्या उत्तरेला, बरेनच्या चुनखडीच्या उजाड दिसणाऱ्या पठाराला लागून असलेल्या बेल हार्बरचे ते शेतकरी. त्यांची 'द फर्टाइल रॉक' 1995 मध्ये आली. नावाचा अर्थ 'सुपीक खडक'. बरेन पाहिलेल्याला ते लगेच पटतं, कारण तिथे दगडाच्या भेगांतून खरोखरच फुलं येतात. ड्रोनींचं वाजवणं नाचणाऱ्यांच्या पायांसाठी आहे. सजावट कमी, ठोका ठळक, बोटं जुन्या पद्धतीने ओळीतून चालणारी. ज्याची लय डळमळते त्याने हे आधी ऐकावं. तबल्याच्या ठेक्यावर हात बसवताना जी शिस्त लागते तीच इथे आहे, फक्त ठेका धरणारं वेगळं वाद्य नाही. तो भात्यातच आहे. भावनेची खोली मला मेरींकडे जास्त सापडते, पण पाय जमिनीवर ठेवायला ड्रोनींसारखा आधार नाही.

एलिझाबेथ क्रॉटी, म्हणजे सगळ्यांच्या मिसेस क्रॉटी, यांच्याविषयी लिहिताना मन थोडं हळवं होतं. 1885 ते 1960 हा त्यांचा काळ. पश्चिम क्लेअरमधल्या किलरश गावात चौकात त्यांचं आणि नवऱ्याचं पब होतं, आणि गाणारे-वाजवणारे तिथे येऊन बसायचे. 1950 च्या दशकात रेडिओसाठी किअरन मॅक मॅहूना यांनी त्यांचं वाजवणं ध्वनिमुद्रित केलं. ते 1999 साली आरटीईने, म्हणजे आयर्लंडच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेने, 'कॉन्सर्टिना म्युझिक फ्रॉम वेस्ट क्लेअर' या नावाने तबकडीवर आणलं. आवाज जुना आहे, स्टुडिओची सफाई नाही. हेडफोन लावून ऐकणाऱ्या आजच्या कानाला पहिल्या दिवशी ते रुचणार नाही. पण 'द विंड दॅट शेक्स द बार्ली' ही रील त्यांच्याकडून ऐका. धून इतकी उघडी आणि सरळ समोर येते की तिचा सांगाडा हाताला लागतो. म्हाताऱ्या आजीने ओवी म्हणावी तसं वाजतं, काही सिद्ध करायचं नसल्यासारखं. त्यांच्या नावाने किलरशमध्ये संगीताचा उत्सवही भरवला गेला आहे.

मग घ्यायचं कोणतं? तुम्ही एकटे शिकत असाल आणि एकच तबकडी घेणार असाल, तर मेरी मॅकनमारा. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिक्षक असतील तर त्यांची बोटं कशी चालतात ते आधी विचारा. ओळी ओलांडून वाजवायला शिकवत असतील तर पुढे नोएल हिल लागणारच, पण सुरुवात तरीही मेरींकडूनच करा. कुठल्यातरी नाचात वाजवायची इच्छा असेल तर ड्रोनी पहिले. पेटीवर ज्यांची बोटं आधीच तयार आहेत त्यांना मी वेगळं सांगेन. तुमचा धोका बोटांचा नाही, भात्याचा आहे. पेटीवर भाता हवेपुरता हलवायची सवय असते, आणि इथे तीच सवय आड येते. ती मोडायला ड्रोनी आणि मिसेस क्रॉटी दोघंही लागतील, कारण त्यांच्याकडे प्रत्येक पलट उघडा ऐकू येतो.

नाचाचाच विषय निघाला म्हणून आणखी एक रेकॉर्डिंग, जे विकत घ्यायचं नसलं तरी एकदा ऐकावंच. नोएल हिल आणि अकॉर्डियनवादक टोनी मॅकमेहन यांनी कॉर्क आणि केरी या काउंटींच्या सीमेवरच्या नॉकनग्री गावातल्या एका पबमध्ये प्रत्यक्ष नाच चालू असताना वाजवलेलं, 1985 साली गेल लिन या कंपनीने काढलेलं. त्यात नाचणाऱ्यांचे पाय फरशीवर पडताना ऐकू येतात. पोल्का हा नाचाच्या धुनेचा प्रकार म्हणजे काय हे ते दहा मिनिटांत शिकवतं. उत्तर आयर्लंडमधल्या आर्माचे कॉन्सर्टिनावादक नायल व्हॅलेली यांची 1999 ची 'बियाँड वर्ड्स' मात्र तूर्त बाजूला ठेवा. वेग आणि कारागिरी थक्क करणारी आहे, पण नवशिक्याने तिच्यामागे धावू नये.

आणि तबकडी आली की सगळी एकदम ऐकू नका. एक धून निवडा, शक्यतो जिग. तिचे पहिले आठ बार अ‍ॅपमध्ये सत्तर टक्के वेगाने लावा, वाद्य खाली ठेवून आधी गुणगुणा. गुणगुणताना अडखळलात तर बोटंही तिथेच अडखळणार. ते आठ बार तोंडात बसले की मगच भाता उघडा.