मधुमेहींच्या फ्रूट केकसाठी एरिथ्रिटॉल: वापरून बघावं असं

साखरेला पर्याय म्हणून एरिथ्रिटॉल केकमध्ये खरंच चालतं. रक्तातली साखर ते जवळजवळ वाढवत नाही. गोडी मात्र साखरेच्या ७० टक्केच.

दाणेदार मिळतं तसंच घातलं तर नीट विरघळत नाही आणि केक गार झाल्यावर दाताखाली कचकचतं. म्हणून मिक्सरमध्ये अगदी पिठीसाखरेसारखं दळा. १५० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम बदामपूड, ३ अंडी, १०० ग्रॅम दही, ६० मिली तेल, दीड चमचा बेकिंग पावडर, एवढ्याला १०० ग्रॅम पुरतं. जिभेवर पुदिन्यासारखा गारवा राहतो. दालचिनी आणि संत्र्याची किसलेली साल तो छान झाकतात.

१६० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. रंग फिकाच राहतो, कारण हे साखरेसारखं करपून तांबूस होत नाही. रंगाची वाट बघत बसलात तर केक कोरडा पडेल; सुई घालून बघा.

खरी मेख सुक्या मेव्यात आहे. १०० ग्रॅम मनुकांत ६० ग्रॅमहून जास्त साखर असते! मनुका-जर्दाळू मिळून ६० ग्रॅमच घ्या, टूटीफ्रूटी नकोच. कणकेचे कर्बोदक आहेतच, तेव्हा एक पातळ काप पुरे.